अडाणीपणाचा दाखला

छातीठोकपणे सांगतो, चिखली ते अमडापूर या रस्त्यावर माझ्यासारखं अक्षर कोणाचं नाही! ग्रामपंचायतीची पाटी माझी, पिठाच्या गिरणीची माझी, खतांच्या दुकानाची माझी. सरकारी मुतारीवर 'पुरुष' असं मी लिहिलं, तर लोक आत जायचं सोडून बाहेर उभं राहून वाचत बसले! पुढं फ्लेक्स आले आणि वाढदिवसाच्या गुंडांची थोबाडं चौकाचौकात लटकली, तेव्हापासून ब्रश वाळून काडी झाला. पण अक्षर ते अक्षर!

शिवाय मी लेखक आहे. दोन पुस्तकं आहेत, स्वतः छापली, स्वतः वाटली. कोणाचीही भीड ठेवली नाही. ज्यांच्याविरुद्ध लिहिलं त्यांनी लपून विकत घेतली आणि ज्यांची स्तुती केली त्यांनी फुकट मागितली. चिखलीला साहित्याचा काही कार्यक्रम असला की मला बोलावतात आणि ओळख करून देताना सूत्रसंचालक म्हणतो, "आठवी शिकलेले असूनही नागसेनभाऊंनी..." ह्या 'असूनही'नं माझं डोकं दरवेळी उकळतं! यांनी पदव्या असूनही काय दिवे लावले, ते मी विचारतो का?

तर सांगायचं हे, की आयुष्यात एकदा माझं आठवी शिक्षण कामाला आलं. आणि मी ते जवळजवळ मातीत घातलं!

माझी भाची धम्मशीला, म्हणजे बहीण जनकाबाईची मुलगी, दहावीला होती. तिला जन्मापासून दिसत नाही. सरकारी भाषेत ती आधी अपंग होती, आता दिव्यांग आहे. शब्द बदलला, शाळेतली बसायची मोडकी खुर्ची तीच राहिली.

ह्या मुलीची परीक्षा शाळेनं आजवर कशी घेतली ते ऐका. पाचवीत गुरुजींनी विचारलं, "नाव काय बाळा?" तिनं सांगितलं. "व्वा! पास!" सहावीत एक बटाटा हातात दिला आणि विचारलं, "हे काय आहे?" ती म्हणाली, "बटाटा." लगेच टाळ्या! बटाट्यावर सहावी पास! घरी येऊन पोरगी ढसढसा रडली. "मामा, नापास करा म्हणा मले, पण काहीतरी विचारा तं खरं!" तिला किती दिसत नाही हे मोजायला दरवर्षी कोणीतरी हजर. तिला किती येतं हे विचारायला मात्र कोणाला सवड नाही.

दहावीला मुख्याध्यापकांनी सांगितलं, "बेटा, विज्ञान जड जाईन. त्याच्या जागी सोपा विषय घे, सवलत आहे."

धम्मशीला म्हणाली, "सर, सोपे विषय घेऊन लोक मास्तर होते. मले पुढं जायचं आहे."

मुख्याध्यापकांनी हे मनात ठेवलं. "आम्ही सांगितलं होतं" हे वाक्य त्यांनी तेव्हाच तयार करून ठेवलं असणार. तिला अकरावी सायन्सला जायचं होतं. विज्ञानाचा पेपर हुकला तर वर्ष गेलं असतं. त्याहून वाईट म्हणजे, तो माणूस खरा ठरला असता!

आता नियम असा, की ज्याला दिसत नाही त्याला लेखनिक मिळतो. उमेदवारानं बोलायचं, लेखनिकानं लिहायचं. वेळही वाढवून मिळतो. पण लेखनिक उमेदवारापेक्षा खालच्या वर्गातला पाहिजे, म्हणजे त्यानं आपल्या पदरचं काही लिहू नये. आम्ही नववीतली सुचिता ठरवली होती. शहाणी मुलगी! मराठीचा, गणिताचा पेपर तिनं नेमका लिहिला. आणि विज्ञानाच्या पेपरच्या दिवशी सकाळी तिच्या अंगावर कांजिण्या फुटल्या!

जनकाबाईनं डोक्याला हात लावला. "आता कोणाले आणाव, रे दादा?"

मी शर्टाची बाही वर केली. "मी आहे ना!"

विचार करा! दहावीच्या खाली शिकलेला, शुद्ध लिहिणारा, वळणदार अक्षराचा आणि सकाळपासून रिकामा, असा माणूस अख्ख्या तालुक्यात दुसरा कोण होता? नियम जणू माझंच माप घेऊन शिवला होता! मी पेटीतून शाळा सोडल्याचा दाखला काढला, दोन पेनं घेतली आणि आम्ही जीपमध्ये बसलो.

जीपमध्ये धम्मशीलेनं माझं मनगट धरलं. "मामा, ते तुले विचारतीन. तुले जास्त येते का, ते पाहतीन. काहीबी विचारलं तरी एकच सांगजो, माहीत नाही."

"एवढंच ना?"

"एवढंच. पण तुले जमन का?"

"अडाणी बनाले काय लागते, वं? मोठमोठे साहेब पगार घेऊन करते!"

 तिनं माझं मनगट आणखी घट्ट धरलं.

परीक्षा केंद्र असलेल्या शाळेचं नाव मी लिहीत नाही. भितो म्हणून नव्हे. लिहिलं तर तिची जाहिरात होईल म्हणून! आम्ही पोहोचलो तेव्हा ऑफिसात लग्नघरासारखी गडबड होती. भरारी पथक येणार होतं. भरारी पथक म्हणजे कॉपी पकडायला अचानक येणारे साहेब. ते अचानक येणार हे सगळ्यांना आदल्या दिवसापासून माहीत होतं. टेबलावर शाल, नारळ आणि पुष्पगुच्छ मांडून ठेवले होते. शिपाई कडूबा त्यांच्यावरच्या माश्या हाकत उभा होता.

केंद्राचे मुख्य भागवत सर. डोकं एकदम गुळगुळीत आणि स्वभाव असा भित्रा, की सही करण्याआधी पेनाला विचारतील, 'करू का?' त्यांच्या शेजारी माणिकराव सर. विज्ञानाच्या पेपरला विज्ञानाचा मास्तर नको म्हणून भूगोलाच्या माणिकरावांना आणून बसवलं होतं. मला पाहताच त्यांच्या कपाळावर आठी चढली. चढणारच! माझ्या पहिल्या पुस्तकात एका मास्तरावर प्रकरण आहे. तो कार्यानुभवाच्या तासाला पोरांकडून स्वतःच्या शेतातली सोयाबीन कापून घेतो. नाव लिहिलं नव्हतं. तरी त्यांनी ओळखलं! चोराची हुशारी.

मी दाखला टेबलावर ठेवला. "लेखनिक. आठवी पास."

आठवी पास हे शब्द मी इतक्या ऐटीत आयुष्यात पहिल्यांदा उच्चारले.

"हे पेंटर आहे, सर!" माणिकराव भागवत सरांच्या कानात, पण साऱ्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणाले. "पुस्तकं लिहिते. हे आठवीचं सारं सोंग आहे. पोरीले सारे उत्तरं सांगन हा!"

"लेखक आहे?" भागवत सर दचकले. जसं काही मी खिशात साप घेऊन आलो होतो! "मग तं अवघड आहे, बाप्पा. आम्हाले कमी शिकलेला माणूस लागते."

"दाखला समोर आहे, सर."

"दाखला ठीक आहे हो. पण दाखल्यानंतर तुम्ही काय काय शिकले, ते कोणाले माहीत?"

बघा मजा! ज्यांनी जन्मभर मला अडाणी म्हणून हिणवलं, ते आज माझ्याकडं अडाणी असल्याचा पुरावा मागत होते!

"याची परीक्षा घ्या," माणिकराव म्हणाले. "मी विचारतो. याले आलं, तं बाद. नाही आलं, तं लेखनिक."

म्हणजे परीक्षा पोरीची, आणि बसवलं मला! धम्मशीला भिंतीजवळ उभी होती. तिला खुर्ची द्यावी हे कोणाला सुचलं नाही. कडूबानं आपलं स्टूल सरकवलं.

"सांगा," माणिकरावांनी मिशीवरून बोट फिरवलं. "पाण्याचं रासायनिक सूत्र काय?"

आता हे कोणाला येत नाही! पाण्याच्या टाक्यांवर रंगवून रंगवून माझा हात दुखला आहे! पण मी दातांवर दात दाबले. "माहीत नाही."

"झाडं आपलं अन्न कसं तयार करते?"

"माहीत नाही. चुलीवर करत असतीन."

कडूबा खुदकन हसला. धम्मशीलेच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं दिसलं. झालंच होतं काम! भागवत सरांनी पेनाचं टोपण काढलं होतं.

पण माणिकरावांना गोडी लागली. "व्वा रे लेखक! पाण्याचं सूत्र येत नाही, आणि हे लोकायले अक्कल शिकवते! भागवत सर, यायच्याकडे चौदा एप्रिलले पुस्तकायचे एवढे स्टॉल लागते. मले वाटे वाचत असतीन. आता समजलं, नुसते फोटो काढाले घेते!"

 माझ्या कानशिलात घण वाजायला लागले. धम्मशीला हळूच म्हणाली, "मामा."

माणिकराव हसतच होते. "बरं, हे तं सांग, पेंटर. अगदी लेकराचा प्रश्न. चंद्र रोज लहानमोठा काऊन दिसते? का हेबी माहीत नाही?"

"मामा!" धम्मशीला पुन्हा म्हणाली.

पण मामा आता कुठं होता! मामाच्या जागी लेखक उभा राहिला होता!

"काऊन म्हणजे?" मी टेबलावर हात आपटला. पुष्पगुच्छ आडवा झाला. "सूर्य तिकडं, चंद्र इकडं आणि पृथ्वी मधात! पृथ्वीची सावली पडते चंद्रावर! सावली रोज सरकते, तसा चंद्र लहानमोठा दिसते! लिहून घ्या! आणि पुस्तकं आम्ही वाचाले घेतो, फोटोले नाही!"

"बरोबर!" माणिकराव खुर्चीतून उडाले. "एकदम बरोबर उत्तर! सर, पाह्यलं? सारं येते याले! बाद!"

तेवढ्यात घंटा झाली. वर्गावर्गात प्रश्नपत्रिका वाटल्या गेल्या. सारी शाळा एकदम चिडीचूप झाली, आणि त्या शांततेत मी काय करून बसलो ते मला उमगलं. स्वाभिमान राखला होता आणि भाचीचं वर्ष घालवलं होतं!

"आता कसं?" भागवत सर रडवेले झाले.

"कसं काय?" माणिकराव म्हणाले. "नववीचा दुसरा लेखनिक आणा म्हणा. नाहीतर पोरीले घरी न्या. मुख्याध्यापक सांगतच होते म्हणे, सोपा विषय घे."

"सर, जरा थांबा," धम्मशीला स्टुलावरून उठली. "मामाचं उत्तर चुकलं आहे."

"काय?"

"मामाले काही येत नाही, सर. त्याले बाद करू नका."

भाचीनं बाजू घेतली ती अशी! मी म्हटलं, "चुकलं? काय चुकलं? भूगोलाचे सर बरोबर म्हणून राह्यले ना!"

"त्यायचंबी चुकलं."

माणिकरावांचा चेहरा पिकल्या टमाट्यासारखा झाला. "तू शिकवते का मले? तू पाह्यला का कधी चंद्र?"

मी पुढं सरकलो, पण पोरीनं मला हातानंच मागं ढकललं. आवाज जराही चढवला नाही.

"नाही पाह्यला, सर. म्हणून तं नीट शिकली. सावली पडते ते ग्रहण. ते कधीमधी होते. चंद्र तं दर महिन्याले लहानमोठा होते. रेणुका मॅडमनं मले संत्र्यावर शिकवलं होतं. अर्ध्याची साल काढलेली, अर्ध्याची तशीच. इथं गोल काही आहे का?"

रेणुका मॅडम म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या विशेष शिक्षिका. एस.टी.नं यायच्या, गाडी चुकली की पायी यायच्या. शाळेनं त्यांना कधी नीट चहासुद्धा विचारला नाही.

"गोल म्हणशीन तं नारळ आहे, बाई," कडूबा म्हणाला. "साहेबाच्या सत्काराचा."

"चालन. त्याच्या अर्ध्या अंगाले रुमाल बांधा, दादा."

कडूबानं पेपरचे गठ्ठे बांधायच्या सुतळीनं नारळाच्या अर्ध्या बाजूला भागवत सरांचाच पांढरा रुमाल घट्ट आवळला.

"आता रुमालाची बाजू म्हणजे उजेड. उघडी बाजू म्हणजे अंधार. उजेड नेहमी सूर्याकडं राह्यते. सूर्य कोण होते?"

कडूबानं काही न बोलता भागवत सरांच्या डोक्याकडं पाहिलं. वर ट्यूबलाइट लागलेली होती. दुसरा उमेदवारच नव्हता!

भागवत सर निमूट कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. हात कुठं ठेवावे कळेना, म्हणून त्यांनी जोडले.

"माणिकराव सर, तुम्ही पृथ्वी. मधात उभे राहा आणि डोळे मिटा."

"डोळे काऊन?"

"डोळ्यानं गडबड होते, सर."

माणिकराव तिला खोटं पाडायच्या तयारीनं उभे राहिले आणि डोळे मिटले. कडूबा नारळ घेऊन त्यांच्या आणि भागवत सरांच्या मधे आला, रुमालाची बाजू भागवत सरांकडं धरून.

"सर, तुमच्याकडची बाजू चाचपा. काय लागते?"

"नारळच. खरखरीत."

"म्हणजे तुमच्याकडं सारा अंधार. ही अमावस्या. दादा, आता बाजूनं फिरा. रुमाल सूर्याकडंच ठेवजा. सर, तोंड नारळाकडं करा."

"अर्धा... अर्धा रुमाल आहे, अर्धा नारळ."

"अष्टमी. फिरा, दादा, सरांच्या मागं जा."

कडूबा फिरला. माणिकराव वळले. मिटल्या डोळ्यांनी दोन्ही हात पुढं करून ते चाचपडायला लागले. "रुमाल," त्यांचा आवाज बारीक झाला. "सारा रुमालच आहे."

"पौर्णिमा. आता सांगा सर, सावली कोणाची पडली?"

 "पुन्हा फिरव बे, कडूबा," माणिकराव एवढंच म्हणाले. कडूबा पुन्हा फिरला. मी स्वतः तोंड उघडं टाकून पाहत होतो. इतकी वर्षं मी रोज चंद्र बघतो, त्याच्यावर मुक्तछंदात लिहिलं आहे. आणि तो असा आहे हे मला ठाऊक नव्हतं!

आणि नेमकं त्याच वेळी भरारी पथक आलं.

पथकाचे प्रमुख रंगराव साहेब दारात आले. त्यांना काय दिसलं ते डोळ्यांपुढं आणा! मधोमध डोळे मिटून, हात पसरून, चाचपडत उभा असलेला एक मास्तर. त्याच्याभोवती रुमालात बांधलेला, सुतळी गुंडाळलेला नारळ घेऊन फिरणारा शिपाई. कोपऱ्यात हात जोडून उभे असलेले केंद्राचे मुख्य. आणि भिंतीजवळची मुलगी गंभीर आवाजात म्हणते आहे, "अमावस्या... आता अष्टमी... आता पौर्णिमा..."

साहेबांचा उचललेला पाय उंबऱ्यावर अधांतरी राहिला. मग त्यांनी तो झटकन मागं घेतला.

"उतारा!" साहेब किंचाळले. "परीक्षा केंद्रात उतारा!"

भागवत सरांचे जोडलेले हात तसेच वर गेले. "नाही, साहेब! तसं काही नाही!"

"मग हा नारळ कोणासाठी आणला?"

कडूबा सरळ माणूस. खोटं त्याला येत नाही. "तुमच्याचसाठी आणला, साहेब!"

साहेब आणखी दोन पावलं मागं सरले. "माझ्या नावानं? मी कोणाचं काय वाईट केलं? कायदा माहीत आहे का? जादूटोण्याच्या गुन्ह्यात जामीन होत नाही!"

"साहेब, हे विज्ञान आहे," मी पुढं होऊन म्हटलं.

"सारे बुवा हेच म्हणते! तुम्ही कोण? भगत का?"

मला! ज्यानं दुसऱ्या पुस्तकात उतारे, गंडे, अंगारे ह्यांच्यावर असं लिहिलं आहे, की दोन बुवांनी आपलं दुकान दुसऱ्या तालुक्यात हलवलं! मला भगत! मी तोंड उघडणार, तोच धम्मशीला म्हणाली, "साहेब, माह्या पेपराची वेळ चालली आहे. आधी आयकून घ्या."

साहेबांनी ऐकून घेतलं, पण उंबऱ्याबाहेरूनच. सगळं ऐकल्यावर त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं आणि म्हणाले, "पण सावलीच पडते ना, चंद्रावर? आम्ही तं हेच शिकलो."

भागवत सरांनीही मान डोलावली. म्हणजे तिसरा आणि चौथा!

आता पाहा कसा पेच पडला. मामाचं उत्तर बरोबर म्हणावं, तर मामा बाद; मग दिसत नसलेल्या मुलीला केंद्रानं लेखनिक नाकारला अशी बोंब. उत्तर चूक म्हणावं, तर एक भूगोलाचा मास्तर, एक केंद्रप्रमुख आणि एक साहेब, तिघांनाही लेकरांच्या पुस्तकातलं येत नाही असं ठरतं! तिघं एकमेकांकडं असे पाहायला लागले, जसं काही तिघांत मिळून एकच धोतर होतं.

"पुस्तक पाहू," शेवटी भागवत सर म्हणाले.

ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली कोणालाच सापडेना. ते कपाट शेवटचं कधी उघडलं हेही कोणाला सांगता येईना. कडूबानं दार बिजागरीतूनच उचकटलं. धूळ झटकून खालच्या वर्गाचं भूगोलाचं पुस्तक काढलं. तिघांची डोकी एका चित्रावर वाकली. बराच वेळ वाकलेलीच राहिली.

"नवीन अभ्यासक्रमात बदललं असन," रंगराव साहेब शेवटी म्हणाले.

"चंद्र जुनाच आहे, साहेब," धम्मशीला म्हणाली.

माणिकरावांनी खाकरून घेतलं. "मी मुद्दामच बरोबर म्हटलं होतं. पोरीले तपासून पाहत होतो."

"मग तपासणी झाली असन, तं पेपर द्या सर," ती म्हणाली. "आणि जेवढा वेळ तुमच्या तपासणीत गेला, तेवढा वाढवून लिहून द्या. वाढीव वेळेतला कापू नका, वरून द्या."

साहेबांनी मुकाट्यानं मान हलवली. पण भागवत सर अजून घाबरलेलेच. "साहेब, कागदोपत्री काही पाह्यजे. उद्या कोणी विचारलं, का लेखकाले लेखनिक कसं केलं, तं?"

"मग तसा दाखला करा."

"कोण लिहिते? माहं अक्षर तं मलेच वाचता येत नाही."

माणिकराव खिडकीबाहेर बघत होते. कडूबा नारळ सोडवत होता. भागवत सरांची नजर माझ्याकडं वळली.

"पेंटर, तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणे."

आणि मी लिहिलं! माझ्या स्वतःच्या हातानं, माझ्या साऱ्या तालुक्यात नावाजलेल्या अक्षरात, जाड-बारीक वळणं साधून लिहिलं : 'सदर लेखनिकास चंद्राचेही ज्ञान नसल्याची आम्ही समक्ष खात्री केली आहे. सबब त्यास लेखनिक म्हणून बसू देण्यास हरकत नाही.' खाली तिघांनी सह्या केल्या. कसली खात्री, हो? सह्या करणाऱ्या तिघांना तरी चंद्राचं कुठं ज्ञान होतं? त्या हिशेबानं त्या खोलीत लेखनिक व्हायला लायक नव्हता तो एकटा कडूबा. कारण तो आता दोनदा चंद्राला घेऊन फिरला होता!

पेपर सुरू झाला. धम्मशीला एकदा बोलायला लागली की थांबत नाही. मी लिहीत गेलो. पहिलं उत्तर संपायच्या आत पान संपलं.

"मामा, एवढ्यात पान कसं भरलं? पाटी रंगवून राह्यला का?"

मी अक्षर बारीक केलं. पुढं एका उत्तराला मला वाटलं, वाक्य जरा फिकं आहे, थोडा रंग भरावा. तिनं लगेच म्हटलं, "वाचून दाखव." मी वाचलं. "हे 'निसर्गाच्या अथांग कुशीत' कोणी सांगितलं तुले?" खोडलं. आयुष्यात पहिल्यांदा मला संपादक भेटला!

आमच्यावर लक्ष ठेवायला माणिकरावांनाच बसवलं होतं. ते समोरच्या खुर्चीत होते, पण आमच्याकडं बघत नव्हते. नारळाला तो रुमाल त्यांनी पुन्हा बांधून घेतला होता. पेपर संपेपर्यंत, डोळे मिटून, नारळ मांडीवर हळूहळू फिरवत होते. मला त्यांच्यावर आणखी एक प्रकरण लिहायचं होतं. ते बघितल्यावर जरा पेन अडलं. जराच!

विज्ञानाच्या त्या पेपरात धम्मशीलेनं एकही प्रश्न सोडला नाही. बाहेर आल्यावर तिनं मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "विचारलं बाप्पा एकदाचं कोणी!"

आम्ही परतीच्या जीपमध्ये बसलो. दाखल्याची एक प्रत माझ्याही खिशात होती. ती टोचत होती. शेवटी मीच विषय काढला. "सुचिताच्या कांजिण्या काही लवकर बऱ्या होत नाहीत. विज्ञानाच्या दुसऱ्या पेपरालेबी मीच येतो."

"ये ना. दुसरं पथक येईन, ते परत तुले विचारतीन."

"काळजी नको करू. आता शिकलो मी. काहीबी विचारू दे, कितीबी टोचू दे. माहीत नाही, माहीत नाही, माहीत नाही! बस!"

धम्मशीलेनं मान हलवली.

"नको, मामा. माहीत नाही म्हटलं का त्यायले संशय येते. तू आपला छातीठोकपणे उत्तर देत जाजो. काही धोका नाही."